ढगातलं फडताळ

गेल्या खेपेला वर्षाच्या गव्हाला एरंडेल चोळावं की कडुलिंबाचा पाला घालावा, ह्यावर लिहिलं होतं. बऱ्याच जणींची पत्रं आली. आजचा विषयही साठवणीचाच आहे, पण डब्यांतल्या नव्हे. घरातले फोटो, मुलांच्या स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ, दाखले, वडीलधाऱ्यांचे आवाज असं कितीतरी आपण हल्ली फोनमध्ये आणि लॅपटॉपमध्ये ठेवतो आणि "क्लाउडवर आहे की!" म्हणून निर्धास्त होतो. त्या साठवणीबद्दल आज थोडं बोलू या.

"हा विषय पुरुषांचा" असं म्हणून पान उलटू नका हं. आमच्याकडेही तशीच वाटणी होती. लॅपटॉपचं काय ते ह्यांनी बघायचं, लोणच्याच्या बरण्या मी बघायच्या. पण गेल्या दिवाळीत माझ्याच हातून अशी एक चूक झाली, की त्यानंतर मी हे सगळं मुद्दाम शिकून घेतलं. ती चूक आधी सांगते, म्हणजे बाकीचं आपोआप समजेल.

आमचे सासरे, म्हणजे आबा, २०२२ च्या पावसाळ्यात गेले. गोष्टी सांगायची त्यांना फार हौस. आमची चिऊ रोज रात्री त्यांच्याजवळच झोपायची. ह्यांनी काही दिवस सहज म्हणून उशाशी फोन ठेवून त्या गोष्टी रेकॉर्ड केल्या होत्या. एकूण अकरा गोष्टी. मध्येच आबांचा खोकला, मध्येच चिऊचं "मग पुढे?" आणि मागे सासूबाईंचा भांडी आवरतानाचा आवाज. आबा गेल्यावर ह्यांनी त्या सगळ्या एका फोल्डरमध्ये घातल्या, फोल्डरला नाव दिलं 'आबा' आणि तो क्लाउडवर ठेवला. सासूबाईंना एक टॅब आणून दिला. दिवेलागण झाली, देवापुढे हात जोडून झाले, की त्या खुर्चीत बसून एक गोष्ट ऐकायच्या. त्यापलीकडे टॅबला हात लावत नसत.

दिवाळीची आवराआवर चालली होती. माळे झाले, फडताळं झाली, आणि त्याच झपाट्यात मी लॅपटॉपही आवरायला घेतला. मी दुपारच्या शाळेत अर्धवेळ शिकवते, पहिल्या सत्राचे गुण भरायचे होते आणि लॅपटॉप सारखा "जागा संपली" म्हणून सांगत होता. बघते तर सर्वांत जास्त जागा ह्या 'आबा' फोल्डरनं अडवलेली. गोष्टी होत्याच, शिवाय आई-आबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली तेव्हाचा मोठा व्हिडिओही त्यातच. मी मनाशी म्हटलं, क्लाउडवर आहेच की सगळं, इथे दुसऱ्यांदा कशाला? आणि फोल्डर पुसून टाकला. केर काढल्यावर सुपली बाहेर नेऊन रिकामी करावी, तशी लॅपटॉपची कचरापेटीही लगोलग रिकामी केली. कामाचा उरक झाला म्हणून खूशही झाले!

पुढे दिवाळी आली आणि गेली. सासूबाई संध्याकाळी नुसत्याच खुर्चीत बसलेल्या दिसायच्या. एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "काही नाही गं, डोकं जड झालंय." मीही फराळाच्या गडबडीत होते. शेवटी तुळशीच्या लग्नाच्या दिवशी चिऊच म्हणाली, "आई, आजी आता गोष्ट ऐकतच नाही. टॅबमध्ये आबा नाहीतच."

मी टॅब उघडला. फोल्डर खरोखरच नव्हता. सासूबाईंना विचारलं तर त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असेल. तुम्ही दोघांनी एवढ्या मायेनं घालून दिलं होतं, कोणत्या तोंडानं सांगू?" तीन आठवडे त्या माझी चूक स्वतःच्या डोक्यावर घेऊन बसल्या होत्या, मैत्रिणींनो. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

नशीब एवढंच, की गोष्टी परत मिळाल्या. त्या कशा मिळाल्या आणि मुळात गेल्या कशा, ते आता सांगते.

सिंक म्हणजे काय?

सिंक म्हणजे आपलं भांडी घासायचं सिंक नव्हे. इंग्रजीतल्या दुसऱ्याच एका शब्दाचं ते लघुरूप आहे, आणि त्याचा अर्थ मेळ राखणं. वाण्याकडे आपल्या खात्याची एक वही असते आणि एक आपल्याकडे. समजा, ह्या दोन वह्या अशा जादूच्या आहेत, की एकीत लिहिलं ते दुसरीत आपोआप उमटतं. सोय किती झाली! पण मग एकीत खोडलं तर दुसरीतही खोडलं जाणार, नाही का? क्लाउडचं नेमकं हेच आहे. लॅपटॉपवरचा क्लाउडचा फोल्डर, कंपनीच्या संगणकावरची त्याची प्रत आणि टॅबमध्ये दिसणारी प्रत, ह्या एकाच वहीच्या तीन बाजू. मी लॅपटॉपवर पुसलं, म्हणून कंपनीच्या संगणकावरून पुसलं गेलं, म्हणून टॅबमधूनही गेलं. त्या सेवेनं तिचं काम चोख केलं होतं. चूक माझ्या समजुतीत होती.

नाव क्लाउड, म्हणजे ढग, असलं तरी आपल्या वस्तू आकाशात वगैरे नसतात बरं का. कंपन्यांनी मोठमोठ्या इमारतींत हजारो संगणक मांडलेले असतात, त्यांतल्या डिस्कवर त्या असतात. ड्रॉपबॉक्स ही सेवा लोकांसाठी २००८ साली खुली झाली, ॲपलचं आयक्लाउड २०११ साली आलं, गूगल ड्राइव्ह २०१२ साली. मायक्रोसॉफ्टच्या सेवेला वनड्राइव्ह हे नाव २०१४ साली मिळालं. म्हणजे ह्या सगळ्या गोष्टी तशा कालपरवाच्या. आपल्या आईनं आपल्याला शिकवाव्यात इतक्या जुन्या नाहीत, तेव्हा न आल्याबद्दल वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

आता पुसलेलं परत कसं मिळालं? लॅपटॉपची कचरापेटी मी रिकामी केली होती, पण क्लाउडची स्वतःची एक वेगळी कचरापेटी असते. ती बघायला सेवेच्या संकेतस्थळावर जाऊन आपल्या खात्यात शिरावं लागतं. ह्यांनी ती उघडली आणि त्यात आबांच्या अकराही गोष्टी आणि तो व्हिडिओ सगळं जसंच्या तसं होतं. मात्र ही पेटी काही कायमची नसते. आमच्या सेवेत मुदत ३० दिवसांची, आणि तो होता तेविसावा दिवस! आणखी आठवडाभर सासूबाई गप्प राहिल्या असत्या, तर काय झालं असतं ह्याचा विचारही नको वाटतो.

मुदती ठाऊक असाव्यात म्हणून लिहून ठेवा. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत वस्तू ३० दिवस राहते. गूगल फोटोजवर चढवलेला फोटो पुसला तर ६० दिवस. आयक्लाउडमधले फोटो ३० दिवस. वनड्राइव्हचं घरगुती खातं आणि ड्रॉपबॉक्सचं फुकटचं खातं, ह्यांनाही ३० दिवसच.

मग जागा मोकळी करायची तरी कशी, असं तुम्ही विचाराल. त्यासाठी वेगळी सोय असते. गूगल फोटोजमध्ये 'फ्री अप स्पेस' म्हणजे 'जागा मोकळी करा' असं एक बटण आहे. ते दाबलं की जे फोटो वर नीट चढले आहेत तेवढेच फोनमधून निघतात आणि वरचे राहतात. त्याच ॲपमध्ये फोटो उघडून 'डिलीट' केलात, तर दोन्हीकडून जातो. लॅपटॉपवर वनड्राइव्हच्या फाइलवर उजवी कळ दाबली की तिथेही 'फ्री अप स्पेस' मिळतं, आणि ड्रॉपबॉक्समध्ये फाइल 'ऑनलाइन ओन्ली' करता येते. म्हणजे यादीत नाव दिसतं, पण माल गोदामात असतो. हवा तेव्हा मागवायचा. हे दोन शब्द वेगळे आहेत एवढं मला दिवाळीआधी कोणी सांगितलं असतं, तर!

दुसरी प्रत करायला निघालो

ह्या प्रसंगानंतर आम्ही ठरवलं, की आबांच्या गोष्टींची एक प्रत सिंकशी काहीही संबंध नसलेल्या जागी ठेवायची. म्हणजे एखाद्या पेनड्राइव्हवर, कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी. वाटलं होतं, पाच मिनिटांचं काम. त्याला तीन रविवार लागले! पण त्या तीन रविवारी जे कळलं, ते तुमच्याही उपयोगी पडेल.

पहिला रविवार नावात गेला. गोष्टींना रेकॉर्डिंगचे नुसते आकडे होते, म्हणून चिऊला म्हटलं, "तू ओळख आणि नावं दे." तिनं टॅबवर बसून हौसेनं नावं दिली: 'आबांची गोष्ट: मग पुढे काय झालं?' वगैरे. टॅबमध्ये सगळ्या अकरा दिसत होत्या. लॅपटॉपवर मात्र सातच उतरल्या, चार येईनातच. आम्ही इंटरनेटला दोष दिला, लॅपटॉप बंद करून सुरू केला. कारण निघालं त्या नावांत!

विंडोजच्या संगणकावर फाइलच्या नावात नऊ चिन्हं चालत नाहीत. 'पेक्षा लहान' आणि 'पेक्षा मोठं' ही गणितातली दोन चिन्हं, एकाखाली एक दोन टिंबांचं कोलन, दुहेरी अवतरणचिन्ह, डावीकडे आणि उजवीकडे कललेल्या दोन तिरक्या रेघा, उभी रेघ, प्रश्नचिन्ह आणि तारका. नावाच्या शेवटी पूर्णविराम किंवा मोकळी जागाही चालत नाही. क्लाउडच्या बऱ्याच सेवा मात्र असं नाव खुशाल घेतात, आणि मग ते विंडोजवर उतरवताना अडतं. काही सेवा त्या चिन्हाच्या जागी खाली एक आडवी रेघ घालतात, काही ती फाइल उतरवतच नाहीत, तर काही सुरुवातीलाच तसं नाव नाकारतात.

ह्यात आपल्या मराठीची एक गंमत आहे. आपल्यापैकी कित्येक जणी 'अंतःकरण' किंवा 'प्रातःस्मरण' लिहिताना विसर्गाच्या जागी कोलन टाकतात. दिसायला दोन्ही सारखीच, पण संगणकाला ती निरनिराळी अक्षरं. खरा विसर्ग चालतो, कोलन अडतं. तसंच लग्नपत्रिकेच्या फाइलला नाव देताना 'श्री'च्या दोन्ही बाजूंना आपण दंड म्हणून इंग्रजी उभ्या रेघा घालतो, त्याही अडतात. तारीख तिरकी रेघ देऊन लिहायची सवय असते, तीही नको. १५-८ असं साध्या आडव्या रेघेनं लिहावं. मुंजीचे, बारशाचे फोटो ठेवताना हे लक्षात असू द्या.

नावं लांबलचकही नसावीत. अँड्रॉइड फोनमध्ये आणि लिनक्सच्या संगणकात एका नावाला साधारण २५५ बाइटांची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन. आणि काना, मात्रा, वेलांटी ही प्रत्येक वेगळी खूण! 'कि' लिहिलं की सहा बाइट गेले. म्हणजे मराठी नाव ८५ खुणांतच संपतं. 'चिऊच्या पहिल्या वाढदिवसाला आत्याबाई आल्या होत्या तेव्हा अंगणात काढलेला सगळ्यांचा फोटो' असलं नाव देऊ नये. 'चिऊ पहिला वाढदिवस २०१८' पुरे.

दुसरा रविवार पेनड्राइव्हचा. घरात ३२ जीबीचा एक जुना पेनड्राइव्ह होता, अगदी रिकामा. गोष्टी त्यात भराभर गेल्या. लग्नाच्या पन्नाशीचा व्हिडिओ होता ६ जीबीचा. तो घालायला गेलं, की संगणक म्हणे फाइल फार मोठी आहे. अहो, ३२ च्या डब्यात ६ मावत नाही म्हणजे काय! ह्यांनी तर पेनड्राइव्ह बिघडला असंच ठरवलं.

बिघाड काही नव्हता. असं बघा, पेनड्राइव्ह म्हणजे सुताराकडून आलेलं कोरं फडताळ. त्यात खण किती पाडायचे, कुठल्या खणात काय आहे ह्याची नोंद कुठे ठेवायची, ह्याची एक पद्धत ठरवावी लागते. त्या पद्धतीला फाइल सिस्टीम म्हणतात. आपण तिला मांडणी म्हणू. आमच्या पेनड्राइव्हची मांडणी होती फॅट-३२ नावाची, १९९६ सालची. त्या मांडणीत एका फाइलचं माप लिहायला जेवढी जागा ठेवली आहे, तिच्यात ४ जीबीच्या वरचा आकडा बसतच नाही. म्हणून डबा कितीही मोठा असला, तरी एक वस्तू ४ जीबीहून मोठी ठेवता येत नाही. १९९६ साली एवढी मोठी फाइल घराघरांतून कोणाकडे होती म्हणा!

तिसऱ्या रविवारी धाकटे भावजी पुण्याहून आले. त्यांच्याकडे ॲपलचा लॅपटॉप आहे. म्हणाले, "वहिनी, माझ्याकडेही एक प्रत द्या, घर दोन असलेली बरी." ह्यांनी आमची मोठी डिस्क त्यांना दिली. भावजींना तिच्यातलं सगळं दिसलं, व्हिडिओ चाललाही, पण त्यांच्याकडचे आबांचे फोटो तिच्यात घालता येईनात! कारण पुन्हा मांडणीच. आमची डिस्क एनटीएफएस पद्धतीची. ही विंडोजची नेहमीची मांडणी, १९९३ पासूनची. ॲपलचा संगणक ती वाचतो, पण त्याच्या मूळ सोयींनी तिच्यात लिहू शकत नाही. उलट ॲपलची स्वतःची मांडणी, एपीएफएस, २०१७ सालची. तशी डिस्क विंडोजच्या संगणकात घातली तर त्याला ती वाचताच येत नाही.

ह्यावर तोडगा आहे एक्सफॅट नावाची मांडणी. ती २००६ साली आली. विंडोज आणि ॲपल, दोघांनाही तिच्यात वाचता-लिहिता येतं, आणि ४ जीबीची अडचणही नाही. एखाद्या जुन्या टीव्हीला मात्र ती कळत नाही, तेवढं पाहून घ्यावं. आम्ही एक नवा पेनड्राइव्ह आणून तो एक्सफॅट केला. त्यात गोष्टी, व्हिडिओ, दोन्ही घरांतले फोटो सगळं एकत्र बसलं.

इथे एक धोक्याची सूचना. मांडणी बदलायला डिस्क 'फॉरमॅट' करावी लागते. फॉरमॅट करणं म्हणजे फडताळ पार रिकामं करून नव्यानं खण पाडणं. आतलं सगळं जातं. आधी आतला माल दुसरीकडे काढून ठेवा, मोजून पाहा, मगच ते बटण दाबा. आणि पेनड्राइव्ह उपसून काढू नका. आधी संगणकाला 'सुरक्षितपणे बाहेर काढा' असं सांगा. एक्सफॅटमध्ये अर्धवट राहिलेलं काम सावरून घेण्याची फारशी सोय नसते, घाईनं ओढलात तर नोंदवहीच बिघडायची.

क्लाउडलाही मांडणी लागते

तुम्ही म्हणाल, पेनड्राइव्हचं ठीक आहे, क्लाउडला ह्याच्याशी काय करायचंय? आम्हालाही तसंच वाटलं होतं. लॅपटॉप सारखा भरतो म्हणून ह्यांनी युक्ती काढली, की क्लाउडचा फोल्डरच लॅपटॉपमधून काढून एका मेमरी कार्डवर हलवावा. सेवेनं साफ नकार दिला.

कारण असं, की सिंकचा प्रोग्राम प्रत्येक फाइलला एक चिठ्ठी लावून ठेवतो: ही वर गेली आहे, ही यायची आहे, ही नुसती नावापुरती इथे आहे. बरणीवर आपण तारीख लिहितो ना, तशी. पण जुन्या मांडणीत असली चिठ्ठी चिकटवायला जागाच नसते. म्हणून २०१७ पासून विंडोजवर वनड्राइव्हला एनटीएफएस मांडणीचीच डिस्क लागते, फॅट-३२ आणि एक्सफॅट चालत नाहीत. ड्रॉपबॉक्सनंही २०१८ साली लिनक्सच्या संगणकांवर ईएक्सटी-४ ही एकच मांडणी चालेल असं जाहीर केलं होतं. त्यावर लोकांनी बरीच कुरकुर केली आणि पुढच्या वर्षी आणखी काही मांडण्यांना पुन्हा परवानगी मिळाली.

तेव्हा दोन फडताळं वेगळी ठेवायची, हे आमच्या डोक्यात पक्कं बसलं. सिंकचा फोल्डर असेल तो लॅपटॉपच्या आतल्याच डिस्कवर. आणि कपाटातली प्रत असेल ती एक्सफॅटच्या पेनड्राइव्हवर. तिचा सिंकशी संबंध नाही, म्हणूनच ती सुरक्षित. मी इकडे काही पुसलं, तरी तिच्यातलं पुसलं जाणार नाही.

शाळेतलाही एक अनुभव सांगते. माझी सहशिक्षिका आणि मी, दोघींनी एकदा गुणतक्त्याची एकच फाइल एकाच दुपारी आपापल्या घरी उघडली. तिच्याकडे इंटरनेट नव्हतं. तिनं तिचे बदल केले, मी माझे. संध्याकाळी बघतो तर फोल्डरमध्ये दोन तक्ते! दोघींनी एकाच आमटीत मीठ घालावं तसं झालं. अशा वेळी बऱ्याच सेवा कोणाचंच मीठ काढून टाकत नाहीत, दोन पातेली वेगळी ठेवतात. घाईनं त्यातलं एक पुसू नका. दोन्ही उघडून, ताडून, एक करा आणि मगच दुसरं काढा.

आता एवढं करा

१. घरातल्या जुन्या गोष्टींत 'गेलं तर परत मिळणार नाही' असं काय आहे, ते आधी वेगळं काढा. सगळंच जपायला गेलं की काहीच धड जपलं जात नाही. सकाळच्या शुभेच्छांची चित्रं गेली तर जाऊ द्या.

२. त्या मोजक्या वस्तूंच्या तीन प्रती ठेवा: एक रोजच्या वापरातली, एक कपाटातल्या पेनड्राइव्हवर, एक दुसऱ्या घरी किंवा क्लाउडवर.

३. क्लाउडवरचं काहीही पुसण्याआधी स्वतःला विचारा, "हे इथूनच जाणार की सगळीकडून?" ठाऊक नसेल तर पुसू नका.

४. चुकून गेलंच, तर पहिल्याच दिवशी क्लाउडची कचरापेटी उघडा. मुदत संपायची वाट पाहू नका.

५. नावं आखूड आणि साधी ठेवा. अक्षरं, आकडे, मोकळी जागा आणि आडवी रेघ एवढ्यावर भागतं.

६. पेनड्राइव्ह विकत आणलात की आधी त्याची मांडणी कोणती ते पाहा. विंडोजमध्ये पेनड्राइव्हच्या चिन्हावर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज' उघडलं, की लिहिलेलं असतं.

७. फुकटची जागा किती ते लक्षात ठेवा. गूगलच्या खात्यात १५ जीबी, आणि त्यात मेल, ड्राइव्ह, फोटो असं सगळं आलं. अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपसुद्धा २०२४ पासून त्यातच धरतात. ॲपल आणि मायक्रोसॉफ्ट ५ जीबी देतात, ड्रॉपबॉक्स २. शिवाय गूगलचं घरगुती खातं सलग दोन वर्षं कोणी उघडलंच नाही, तर ते आतल्या सगळ्यासकट पुसलं जाऊ शकतं. माहेरच्या वडीलधाऱ्यांच्या नावाचं खातं असेल, तर अधूनमधून उघडत जा.

८. ठेवलेली प्रत उघडून बघा. लोणच्याची बरणी आपण वर्षभर झाकून ठेवत नाही, मधून मधून हलवून, वास घेऊन बघतोच ना? आमच्याकडे आता पाडवा, दसरा आणि संक्रांत असे तीन दिवस नेमले आहेत.

आता तुम्हाला वाटेल, की ही एवढी यातायात अकरा गोष्टींसाठी? मलाही आधी वाटलं असतं. पण ज्या संध्याकाळी गोष्टी परत आल्या, त्या संध्याकाळी मी टॅब सासूबाईंच्या हातात दिला आणि सांगितलं, "आई, तुमच्या हातून काही झालं नव्हतं. मीच पुसलं होतं." मला वाटलं, रागावतील. त्या नुसतं म्हणाल्या, "सापडले ना? मग झालं." आणि गोष्ट लावली. आबा खोकले, चिऊ म्हणाली "मग पुढे?", आणि मागून भांडी वाजली. सासूबाई हसल्या आणि म्हणाल्या, "बघ, मी पण आहे यात!"

हे मला इतक्या दिवसांत सुचलंच नव्हतं. मी त्याला आबांचा फोल्डर समजत होते. त्या दोघांचा पन्नास वर्षांचा संसार होता त्यात.

परवाच्या पाडव्याला गुढी उभारून झाल्यावर त्यांनीच आठवण केली, "अगं, पेनड्राइव्हचा दिवस ना आज?" ह्यांनी लावून बघितला. अकराच्या अकरा गोष्टी नीट वाजल्या.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या घरीही असा एखादा आवाज, एखादी वही, एखादा फोटो असेलच. ह्या रविवारी त्याची एक प्रत करून कपाटात ठेवा, आणि काही अडलं तर जरूर लिहा. पुढच्या खेपेला पुन्हा स्वयंपाकघरात भेटू. कैऱ्या आल्याच आहेत बाजारात!